नऊ नंबरचे मंद दिवे

बस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये त्याला सगळे अँपिअर म्हणत. वीज मोजायचा अँमीटर बगलेत मारल्याशिवाय तो चहालासुद्धा जात नसे, म्हणून हे नाव पडलं आणि चिकटलं. चौदा बसगाड्या, चौदा बॅटऱ्या, त्या चालत्या गाडीत भरत ठेवणारे चौदा डायनामो, आणि त्यांच्या मागे धावणारा हा एकटा इलेक्ट्रिशियन. मूळचाच चुळबुळ्या. त्याची बायको म्हणायची, "याला खुर्ची दिली की हा आधी ती उलटी करून पाय घट्ट आहेत का ते बघणार. बसायचं राहूनच जातं."

त्या हिवाळ्यात मात्र त्याची चुळबुळ हाताबाहेर गेली, आणि तिला कारण झाली नऊ नंबरची गाडी. ड्रायव्हरांच्या तक्रारवहीत सहा आठवड्यांत सातव्यांदा तीच ओळ आली होती: 'दिवे मंद आहेत. रस्ता दिसत नाही.' खाली नऊ नंबरच्या ड्रायव्हरची सही.

हा ड्रायव्हर म्हणजे अँपिअरचा सासरा. तो त्यांना मामा म्हणे. मामांनीच त्याला या कंपनीत नोकरीला लावलं होतं आणि पुढे दोन वर्षांनी, स्वतःला पत्ता लागायच्या आत, मुलगीही दिली होती. अठ्ठावीस वर्षं त्यांनी गाडी चालवली. मडगार्डला साधा ओरखडा नाही. असा माणूस दिवे मंद आहेत म्हणतो म्हणजे ते मंद असणारच, हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. अँपिअरनेही.

त्याने नऊ नंबरचं काय करायचं बाकी ठेवलं? बल्ब बदलले. वायर मुळापासून नवी ओढली. दिव्यांच्या आतले आरसे मऊ फडक्याने पुसून लखलखीत केले. चार दिवसांनी तक्रारवहीत तीच ओळ.

शेवटी मॅनेजरने त्याला बोलावलं. मॅनेजरचं टेबल एवढं मोठं होतं की त्याच्यामागे तो माणूस कुणीतरी विसरून ठेवलेल्या पार्सलसारखा दिसे.

"मालक वैतागलेत," मॅनेजर म्हणाला. "सगळ्या गाड्यांचे डायनामो बदलू म्हणतात. विक्रेता नव्या पद्धतीचा एक ठेवून गेलाय. आपला जुना आणि हा नवा, दोन्ही तपास आणि मला एका ओळीत सांग, कुठला चांगला."

"एका ओळीत कसं मावेल, साहेब?"

"मग दोन ओळी घे. तिसरी मी वाचणार नाही."

अँपिअर नवा डायनामो छातीशी धरून वर्कशॉपमध्ये आला आणि दार लावून घेतलं. असं काम त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. त्याने दोन्ही यंत्रं लाकडी टेबलावर शेजारी शेजारी बसवली, एका मोटारीवरून पट्टा घेतला, पलीकडे बॅटरी आणि दिव्यांची फळी जोडली, आणि फेरे मोजायचं यंत्र दांड्याच्या टोकाला टेकवून तो वाकला तो दुपारपर्यंत वर आलाच नाही.

जुना डायनामो तीन ब्रशांचा होता. दोन ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला टेकलेले कार्बनचे ठोकळे, वीज बाहेर काढत, आणि तिसरा, बारकुडा, आतल्या चुंबकाला वीज पुरवून त्याला आवरून धरी. गाडी फार पळू लागली की हा तिसरा ब्रश आपोआप हात आखडता घेई. मिनिटाला सातशे फेऱ्यांना हा चार्ज द्यायला लागे, पंधराशेला बारा अँपिअरपर्यंत चढे, आणि त्यापुढे वेग वाढवला की उलट उतरत उतरत आठवर येई. साधा, मजबूत, समजायला सोपा. पण अक्कल कमी. बॅटरी रिकामी असो की तुडुंब भरलेली, हा आपला ओततच राहणार.

नवा दोनच ब्रशांचा. त्याच्या सोबत एक काळी डबी होती आणि डबीत थरथरणारी एक पत्ती. बॅटरी भुकेली असली की पत्ती मोकळीक देई आणि डायनामो पंधरा अँपिअर ओती. बॅटरी भरत आली की पत्ती थरथरून त्याला दोन-तीनवर आणून ठेवी. अँपिअर त्या पत्तीकडे बघतच राहिला. "हिला कळतं," तो स्वतःशीच पुटपुटला. फक्त एक खोड होती. हा नवा उशिरा उठे. साडेनऊशे फेरे झाल्याशिवाय त्याचा काटा हलत नसे.

टेबलावरचे आकडे वहीत उतरले. आता रस्त्यावर. कंपनीच्या दोन गाड्या वीटभट्टीच्या रस्त्याने जात, बावीस मैल जायला आणि बावीस यायला: मामांची नऊ नंबर आणि तिच्यामागून पाऊण तासाने सुटणारी चार नंबर. चार नंबरच्या ड्रायव्हरला तुफान म्हणत, आणि त्याच्या गाडीत बसलेल्या कुणालाही का ते विचारावं लागत नसे. अँपिअरने नवा डायनामो चार नंबरला बसवला, नऊ नंबरचा जुनाच ठेवला, आणि रोज रात्री गाड्या आल्या की बॅटऱ्या तपासायचं ठरवलं.

आठवड्याचा निकाल स्वच्छ होता. चार नंबरची बॅटरी रोज टवटवीत. नऊ नंबरची रोज मेलेली.

"झालं तर," मॅनेजर म्हणाला. "नवा चांगला. एकच ओळ. उगाच दोन मागितल्यास."

पण अँपिअरच्या डोक्यातून ते जाईना. जेवताना तो चमच्याने टेबलावर फेरे काढत होता.

"काय झालंय?" बायकोने विचारलं.

"जुना लवकर उठतो. नवा उशिरा. म्हणजे हळू चालणाऱ्या गाडीत जुन्यानेच जास्त द्यायला हवं. तुझे बाबा सावकाश चालवतात, तरी बॅटरी खाली कशी?"

"बाबांना विचार की."

"विचारलं. म्हणाले, दिवे मंद आहेत."

दुसऱ्या आठवड्यात त्याने अदलाबदल केली. नवा नऊ नंबरला, जुना चार नंबरला. आणि इथे सगळंच बिनसलं. नऊ नंबरची बॅटरी नव्या डायनामोवर पहिल्यापेक्षाही रिकामी येऊ लागली. तुफानच्या गाडीत तीन ब्रशांचा डायनामो दिवसभर भरलेल्या बॅटरीत ओतत राहिला, आणि शनिवारी झाकण उघडलं तर आतलं पाणी उकळून उडून गेलेलं, प्लेटा उघड्या पडलेल्या.

मॅनेजर हसला. "म्हणजे दोन्ही टाकाऊ?"

"नाही साहेब. दोष डायनामोबरोबर फिरला नाही. तो नऊ नंबरमध्येच राहिला."

"मग गाडीत आहे."

"गाडी मी सुटी करून पाहिलीये."

"मग राहिलं काय?"

अँपिअर वही घेऊन बाहेर पडला. राहिलं काय ते त्याला ठाऊक होतं.

त्याने टाइमकीपरकडून गाड्यांच्या वेळेच्या चिठ्ठ्या मागून आणल्या. सकाळची फेरी: नऊ नंबर वेळेवर. दुपारची: वेळेवर. संध्याकाळची: अठरा मिनिटं उशीर, बावीस मिनिटं उशीर, पंचवीस मिनिटं उशीर. दर आठवड्याला थोडा जास्त. त्याने चिठ्ठ्या उलटसुलट लावून पाहिल्या, पुन्हा लावल्या, उठला, हात धुतले, परत येऊन बसला. चिठ्ठ्या तेच सांगत राहिल्या. आणि एक गोष्ट आत्ता कुठे लक्षात आली: तक्रारवहीतल्या सातही ओळी नऊ नंबरच्या कंडक्टरच्या अक्षरात होत्या. मामांची फक्त सही होती, आणि तीही रेघ सोडून खाली घसरलेली.

सोमवारी संध्याकाळच्या फेरीला तो नऊ नंबरमध्ये चढला. निघण्यापूर्वी त्याने ताजी, काठोकाठ चार्ज केलेली बॅटरी बसवली होती. ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसून अँमीटर मांडीवर घेतला.

"आज जावई ड्युटीवर?" मामा आरशात न बघताच म्हणाले.

"नवीन डायनामो बघायचाय, मामा."

"बघ बघ. तुझ्या त्या डबीने उजेड पडला तर मी तिचा मुका घेईन."

कंडक्टरला सगळे पोपट म्हणत, कारण त्याची जीभ कधी टाळ्याला लागत नसे. सोळा वर्षं तो मामांबरोबर होता. तिकिटं झाली तरी तो मागे गेला नाही. पुढेच, दांड्याला धरून, मामांच्या खांद्याशी उभा राहिला आणि बोलत सुटला.

गाव संपेपर्यंत उजेड होता. गाडी पंचवीसने चालली होती, काटा चार्जच्या बाजूला दोनवर. मग अंधारून आलं. मामांनी दिवे लावले आणि गाडीचा वेग उतरला. वीस. पंधरा. दहा. मामा गिअर मात्र बदलेनात. वरच्याच गिअरमध्ये, इंजिन नुसतं गुरगुरत ठेवून, ते गाडी सरकवत राहिले. काटा शून्यावर आला, थरथरला आणि पलीकडे कलंडला. डायनामो झोपला होता. दहा अँपिअरचे दिवे बॅटरीतून जेवत होते.

एवढ्या थंडीत मामांच्या बाजूची काच पूर्ण उघडी होती आणि मान बाहेरच्या बाजूला झुकलेली. अँपिअरला आधी वाटलं, ते बाहेर बघतायत. मग कळलं, ते ऐकतायत. रस्त्याच्या मध्यावर डांबर होतं, कडेला खडी. डावं चाक खडीवर गेलं की करकर होई आणि मामा हातातलं चाक अंगठाभर उजवीकडे घेत. इंजिनाचा आवाज वाढला असता तर ती करकर ऐकू आली नसती.

आणि पोपट बोलत होता.

"काय ही थंडी, बाई! हा बघा सायकलवाला, डाव्या हाताला, दिवा नाही मेल्याकडे. आमच्या हिचा भाऊ पण असाच. पुढे वळण आलं, उजवीकडे, चिंचोळं आहे. तर काय सांगत होतो, समोरून लॉरी येतेय, लांब आहे अजून, तर मेव्हणा म्हणाला..."

प्रवासी हसत होते. एक बाई म्हणाली, "याचं तोंड शिवून टाका कुणीतरी."  सहा मैल अँपिअरने बाकाची कड घट्ट धरून ठेवली. गाडीत एकोणीस माणसं होती. त्याने दोनदा मोजली.

वीटभट्टीच्या थांब्यावर प्रवासी उतरले. परतीचे दहा-बारा शेडमध्ये उभे होते. मामांनी इंजिन बंद केलं, दिवे चालूच ठेवले आणि डोळे चोळत खाली उतरले. गाडीसमोर भट्टीची लांब भिंत होती आणि तिची एकेक वीट दिव्यांच्या उजेडात मोजता येत होती.

"बघितलंस?" मामा म्हणाले. "हाच तुझा नवा डायनामो? नुसता काजवा."

"मामा, बॅटरी भरलेली आहे. दिवे लख्ख आहेत."

"लख्ख म्हणे."

"भिंतीवर काय लिहिलंय?"

"कुठल्या भिंतीवर?" मामा म्हणाले.

हातभर उंच पांढऱ्या अक्षरांत भट्टीचं नाव तिथे होतं. अँपिअरने पोपटकडे पाहिलं. पोपट पहिल्यांदाच गप्प होता.

"मामा, तुम्हाला दिसत नाहीये."

"तोंड सांभाळून बोल. तुला या दारातून आत कुणी आणलं?"

"तुम्ही. म्हणूनच सांगतोय. परत जाताना मी तुम्हाला चालवू देणार नाही."

"आणि चालवणार कोण? तू? अंगणातल्या अंगणात गाडी मागेपुढे केली म्हणून ड्रायव्हर होत नाही माणूस!" मामांचा आवाज चढला. शेडमधली माणसं वळून बघू लागली. मामा तडक वर चढले, बसले, इंजिन सुरू झालं. "पोपट! घंटा!"

पोपट मागच्या दाराशी उभा होता. घंटेची दोरी त्याच्या डोक्यावर लोंबत होती. त्याने हात वर नेला आणि तिथेच ठेवला.

"घंटा दे!"

"नाही देत," पोपट म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "परवा लॉरी आली तेव्हा मी शिंकत होतो, दादा. नुसता शिंकत होतो, म्हणून सांगायला उशीर झाला. आठवतं ना? त्या रात्रीपासून मला झोप नाही. मी घंटा नाही देणार."

इंजिन बराच वेळ चालू राहिलं. मग बंद झालं. मामा खाली उतरले ते दांड्याला, पायरीला, मडगार्डला हात लावत लावत. अँपिअर पुढे झाला, पण त्यांनी त्याचा हात झटकला.

"मला खरंच वाटलं होतं," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "की नवीन डायनामो आला की दिसेल."

 इतके दिवस अँपिअर चोरी पकडायला निघाल्यासारखा चिठ्ठ्या लावत होता. पण चोरी नव्हतीच. सातही तक्रारी खऱ्या मनाने लिहवून घेतलेल्या होत्या.

थोड्या वेळाने चार नंबर आली. तुफानने काही विचारलं नाही, सगळ्यांना आत घेतलं, आणि एरवी ज्याच्या गाडीत माणसं जीव मुठीत धरून बसत तो त्या रात्री इतका बेताने आला की पोपटला डुलकी लागली. मामा शेवटच्या बाकावर काचेला डोकं टेकून बसले. नऊ नंबर भट्टीच्या आवारात उभी राहिली.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि ताट न वाढताच आत निघून गेली. बऱ्याच वेळाने दारातूनच म्हणाली, "मला आधी नाही सांगितलंस."

"खात्री नव्हती."

"आकड्यांची खात्री झाल्यावर मी, होय ना? माझे बाबा आहेत ते. तुझा डायनामो नाहीत."

ती चुकीचं बोलत नव्हती. तो रात्रभर खोलीत येरझाऱ्या घालत राहिला. सकाळी मॅनेजरला कसं सांगायचं याची दहा वाक्यं जुळवून तो ऑफिसात पोचला, तर मामा तिथून बाहेर पडत होते, ड्रायव्हरची टोपी हातात. त्यांनी स्वतःच सगळं सांगितलं होतं. जावयाकडे न पाहता ते फाटकाबाहेर गेले.

अँपिअरचा अहवाल सव्वा पानाचा झाला. लांब आणि वेगाच्या रस्त्याला दोन ब्रशांचा डबीवाला घ्यावा, म्हणजे बॅटरी उकळणार नाही. गावातल्या थांबत थांबत जाणाऱ्या गाड्यांना जुनाच बरा, तो लवकर उठतो. आणि दहा मैलांच्या वेगाला दोन्ही सारखेच निकामी. नऊ नंबरच्या तक्रारीबद्दल त्याने एवढंच लिहिलं की गाडीत दोष आढळला नाही. मॅनेजरने सव्वाच्या सव्वा पान वाचलं आणि सही केली. सहा नवे डायनामो आले.

डॉक्टरांनी मामांना मोतीबिंदू सांगितला, दोन्ही डोळ्यांत. एक पिकला होता, त्याची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्यासाठी थांबायला सांगितलं. बसचं चाक पुन्हा हातात येणार नाही हे मात्र डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. कंपनीने आवारात रखवालीचं काम देऊ केलं. मामा म्हणाले, "उभ्या गाड्यांवर कसली राखण?" आणि गेले नाहीत. लेकीशी बोलत, पोपटशीही बोलत, जावई घरात आला की उठून अंगणात जात. हे चार महिने चाललं. त्या चार महिन्यांत अँपिअर कुठल्याच तक्रारीवर पटकन विसंबेना. आठ नंबरच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजत नाही म्हटलं, तर याने आधी त्याला पाठमोरा उभा करून मागून हाक मारून पाहिली. हॉर्नची वायरच तुटलेली निघाली आणि ड्रायव्हर महिनाभर चेष्टा करत राहिला.

मग एका दुपारी वर्कशॉपच्या दारात सावली पडली. मामा उभे होते, जाड भिंगाचा चष्मा, एक भिंग काळं.

"काम आहे का?" त्यांनी विचारलं.

"आहे. या ना."

"मी बसायला नाही आलो." ते टेबलापाशी आले. टेबलावर नऊ नंबरचा जुना, तीन ब्रशांचा डायनामो पडला होता. "अठ्ठावीस वर्षं हा माझ्या पायाशी फिरत होता. आत कसा असतो ते कधी बघितलं नाही. उघड."

अँपिअरने चार स्क्रू काढून मामांच्या तळहातावर ठेवले, झाकण उतरवलं आणि तांब्याच्या पट्ट्यांचा गोल तुकडा उजेडात धरला. मामा एवढे वाकले की नाक तेलाला लागलं.

"हे वीज बनवतं?"

"हे वीज बाहेर आणतं. बनते मागे, तारेच्या त्या वेटोळ्यांत."

"आणि तो तिसरा ब्रश?"

"हा. बारीक."

मामांनी बोटाने एकेक पट्टी चाचपली, ओठ हलवत मोजली, मध्येच चुकले, शिवी दिली, पुन्हा पहिल्यापासून मोजली. अँपिअर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा राहिला. मदत करावी की नाही ते त्याला कळेना.

"मी तुला माफ केलंय असं समजू नकोस," मामा मान वर न करता म्हणाले.

"नाही समजत."

"त्या दिवशी तुझ्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण माफ केलेलं नाही."

"बरं, मामा."

"बरं काय? लाव ते झाकण. धूळ जातेय आत."

अँपिअरने झाकण बसवलं. स्क्रू मामांच्या तळहातावर होते. ते त्यांनी डोळ्याजवळ धरून पाहिले आणि एकेक करून त्याच्या हातात दिले.